सिझेरियननंतरचा ताप: सोनोग्राफी, सीटी की एमआरआय?

सिझेरियननंतर ताप आला की बहुतेक वेळा सुरुवात सोनोग्राफीने होते आणि ते योग्यच आहे. यंत्र पलंगाजवळ आणता येते, किरणोत्सर्ग नसतो, खर्च कमी येतो आणि गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा किंवा टाक्यांखाली साचलेला पू बऱ्याचदा त्यातच सापडतो. मात्र ताज्या जखमेवरची पट्टी, आतड्यांतला वायू आणि पोटाची जाडी यांमुळे खोलवरचे नीट दिसत नाही. शिवाय मूत्राशय आणि गर्भाशय यांच्यामध्ये रक्ताचा लहानसा साठा किंवा गर्भाशयात थोडी हवा पहिल्या काही दिवसांत निरोगी बाळंतिणीतही आढळते. त्यामुळे अहवालात 'कलेक्शन' (द्रवाचा साठा) हा शब्द दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही. याउलट, गर्भाशयाच्या अस्तराला जंतुसंसर्ग झालेला असूनही चित्र अगदी स्वच्छ दिसू शकते, कारण ते निदान मुख्यतः ताप, दुखरे पोट आणि दुर्गंधीयुक्त स्राव यांवरूनच होते.

शिरेतून प्रतिजैविके देऊनही 48 ते 72 तासांत ताप उतरत नसेल, तर मी कॉन्ट्रास्ट सीटीच्या (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचे द्रव्य टोचून केलेल्या सीटीच्या) बाजूने कौल देईन. ओटीपोटातला खोल गळू, अंडाशयाच्या शिरेतली रक्ताची गुठळी (ही बहुधा उजव्या बाजूला असते), आतड्याचा अडथळा आणि, कॉन्ट्रास्ट लघवीत उतरल्यावर उशिराच्या प्रतिमा घेतल्यास, मूत्रवाहिनीची इजा हे सारे त्यात काही मिनिटांत कळते. सीटीला नकार देण्यामागे बहुधा अंगावरच्या दुधाची भीती असते. प्रत्यक्षात आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टचा 1 टक्क्याहूनही कमी अंश दुधात उतरतो आणि त्यातलाही अत्यल्प भाग बाळाच्या आतड्यांतून शोषला जातो, त्यामुळे दूध पिळून टाकून देण्याची सहसा गरज नसते. किरणोत्सर्ग होतो हे खरे, पण पू शोधायचा राहून जाणे त्याहून घातक आहे. मूत्रपिंडाचा विकार किंवा कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असेल, तर ते आधीच सांगावे.

सीटीचा कच्चा दुवा म्हणजे गर्भाशयावरची ताजी शिवण: ती नैसर्गिकरीत्याही फट पडल्यासारखी दिसते. टाके खरोखर उसवले आहेत का, अशी शंका असल्यास एमआरआय अधिक विश्वासार्ह ठरते. मात्र दुखऱ्या पोटाने बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते आणि ही सोय सर्वत्र नसते.

नाडी वेगाने धावत असेल, रक्तदाब खाली येत असेल, तर या तिन्हींची वाट पाहत बसण्यापेक्षा थेट शस्त्रक्रियागृह गाठणे बरे.