साडे… शे जीएसएम : आमच्या टॉवेल कारखान्यातला इंटरनेट फोन

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माग, शिलाई, पॅकिंग सगळं एकाच आवारात. ऑर्डरी घेणं, भाव सांगणं, वसुली ही कामं माझ्याकडे. म्हणजे दिवसातले पाच-सहा तास कानाला फोन. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुनी लँडलाइन फक्त नावाला ठेवली आणि कामाचे चार फोन इंटरनेटवर घेतले. त्यातली पहिली कंपनी सोडून आता दुसरी घेतली, त्याला सात महिने झाले. दोन्ही कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण तुमच्या भागात कोणाची फायबर आहे आणि इमारतीत वायरिंग कसं आहे यावर अर्धा निकाल ठरतो. काय तपासायचं ते मात्र सगळीकडे सारखंच आहे.

सुरुवात एका चुकीच्या ऑर्डरीपासून झाली. महाबळेश्वरचे एक हॉटेलवाले आमचे जुने गिऱ्हाईक. कधी साडेचारशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) टॉवेल घेतात, कधी साडेपाचशेचा. त्या संध्याकाळी म्हणाले, "ताई, मागच्यासारखाच माल द्या." मी खात्री करायला वाचून दाखवलं, "साडेपाचशे जीएसएम, तीस बाय साठ, साठ डझन, बरोबर?" ते "हो हो" म्हणाले. माल पोचला आणि त्यांचा फोन आला, आम्हाला साडेचारशे हवा होता. त्यांना माझं बोलणं "साडे… शे" एवढंच ऐकू गेलं होतं. मधला "पाच" वाटेत गळाला होता.

हे कसं होतं ते मला नंतर कळलं. इंटरनेट फोनवर आपला आवाज बारीक तुकडे करून जातो, बहुतेक ठिकाणी एक तुकडा 20 मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला 50 तुकडे. एखाददुसरा हरवला तर कानाला कळतही नाही. सलग आठ-दहा गेले की एक अख्खं अक्षर जातं. आणि आमच्या धंद्यात एका अक्षरावर साठ डझन टॉवेल उभे असतात.

जुन्या कंपनीला फोन केला की उत्तर एकच, "मॅडम, तुमचं इंटरनेट स्लो आहे." इंटरनेटवाल्याला विचारलं की तो स्पीड टेस्ट करून दाखवायचा, "बघा, शंभर एमबीपीएस येतंय, फोनवाल्यांना विचारा." तीन महिने मी या दोघांच्या मधे उभी होती. शेवटी मामंजींनी काउंटरवर एक डायरी ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, सुताची गाठ शोधताना आपण आधी कुठला धागा ते बघतो. फोनचंही तसंच बघ."

आठ दिवस प्रत्येक बिघडलेला कॉल लिहिला. वेळ, कोणाला कोणाचं ऐकू आलं नाही, फोन कुठला. एकूण 41 नोंदी झाल्या. त्यातल्या 29 संध्याकाळी साडेपाच ते सातमधल्या, आणि जवळजवळ सगळ्यांत आम्हाला समोरचा स्वच्छ ऐकू येत होता, त्यांना आमचं तुटत होतं. हा रकाना फार महत्त्वाचा आहे. "आवाज खराब आहे" एवढं सांगून कोणी काही शोधू शकत नाही. आपला आवाज जाताना तुटतोय की त्यांचा येताना, एवढं कळलं की निम्मी शोधाशोध वाचते.

आमचा आवाज जाताना तुटत होता, म्हणजे अडचण अपलोडला होती. साडेपाचला डिझायनिंगचा मुलगा नवीन नमुन्यांचे फोटो चढवायचा, सहाला हिशेबाचा बॅकअप आपोआप सुरू व्हायचा, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तर दिवसभर वर जातच होतं. लॅपटॉपवर पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते, लावून बघितलं. सकाळी 14 मिलिसेकंद यायचा तो सहा वाजता 380 वर. फोनसाठी आवाज एका बाजूने 150 मिलिसेकंदांच्या आत पोचावा असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. वेग कमी नव्हता, राउटरच्या तोंडाशी रांग लागत होती आणि माझं "पाच" बॅकअपच्या मागे अडकून पडत होतं. एका कॉलला चांगल्या प्रतीच्या आवाजातही एका दिशेने सगळं मिळून 90 केबीपीएसच्या आसपासच लागतात. चार फोन एकदम चालू असले तरी अर्धा एमबीपीएस भरत नाही. तरी मला मोठा प्लॅन घ्या म्हणून सांगत होते!

बॅकअप रात्री अकरावर टाकला. राउटरमध्ये फोनच्या आवाजाला पहिला मान दिला आणि एकूण अपलोड लाइनच्या क्षमतेपेक्षा थोडा खाली बांधला, म्हणजे रांग लागतच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकही नोंद नाही. एक रुपया खर्च न होता.

उरलेल्या नोंदींत आणखी दोन दुखणी सापडली. मागाच्या शेडमधला फोन वायफायवर होता. तिथे चारी बाजूंनी लोखंड, वर पत्रा, आणि शेडमधले आमचे अण्णा बोलता बोलता फिरायचे. तिथपर्यंत केबल ओढून घेतली आणि तो विषय संपला. दुसरं दुखणं विचित्र होतं. काही कॉल उचलल्यावर बरोबर अर्ध्या मिनिटाने तुटायचे. राउटरमध्ये सिप एएलजी नावाची एक सोय असते. ती फोनच्या निरोपातले पत्ते बदलायला जाते आणि बऱ्याचदा बिघडवून ठेवते. मग "फोन उचलला"ची पोच पलीकडे जात नाही आणि 32 सेकंद वाट बघून कॉल कापला जातो. ती सोय बंद केल्यापासून एकदाही झालं नाही. दर वेळी तेवढ्याच सेकंदांना कॉल तुटत असेल तर आधी हेच बघा.

एवढं घरचं सगळं नीट केल्यावरच मी कंपनी बदलायला घेतली. आधी बदलली असती तर तेच दुखणं नव्या बिलावर आलं असतं. तीन कंपन्यांकडून पंधरा-पंधरा दिवसांची चाचणी मागितली. एकीने वर्षाचे पैसे आधी भरा म्हणून सांगितलं, तिला तिथेच सोडलं. उरलेल्या दोघींना मी मुद्दाम एक बिघडलेला कॉल वेळेसकट दिला. एकीकडून "चेक करतो" आलं आणि पुढे काही नाही. दुसरीकडच्या मुलाने त्या कॉलची नोंद उघडली, किती तुकडे हरवले, कुठल्या दिशेने, किती मागेपुढे आले ते फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, हे तुमच्या बाजूला नाही, आमच्या एका मार्गावर आहे, उद्या बदलून देतो." बदलला. मी तीच कंपनी घेतली. आता पॅनलवर प्रत्येक कॉलचे हे आकडे मलाही दिसतात.

नंबर कोणाच्या परवान्यावर आहे हेही विचारलं. आपल्याकडे इंटरनेट फोनवरून साधे नंबर लावायचे तर दूरसंचार खात्याचा परवाना असलेली कंपनी मागे लागते. त्यांनी कागद दाखवला, आमचे कागद घेतले, मगच 0217चा नंबर दिला. लँडलाइनला मोबाईलसारखं पोर्टिंग नाही, म्हणून आमचा जुना नंबर आम्ही बंद केलेला नाही. त्यावर येणारे कॉल नव्यावर वळवले आहेत. तीस वर्षांच्या बिलांवर तोच छापलेला आहे.

या कंपनीत मला खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. भाव सांगताना 18 टक्के जीएसटी धरला नव्हता. रविवारी मदत मिळत नाही. ॲप पूर्ण इंग्रजीत आहे, पॅकिंगच्या बायकांना एक्स्टेंशन कसं जोडायचं ते मी कागदावर मराठीत आणि तेलुगूत लिहून फोनशेजारी चिकटवलं.

आणि लाइट. जुन्या तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरवर तसं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते, शेडला आग लागली, कोणाला शॉक बसला तर 112 लावायला फोन जिवंत हवा. फायबरचा डबा, राउटर आणि फोन तिन्हींना मिळून छोटा यूपीएस घेतला, दीड तास चालतो. हा खर्च कुठलीच कंपनी आधी सांगत नाही, तुम्ही धरूनच चला.

डायरी अजून काउंटरवर आहे. गेल्या चाळीस दिवसांत तीन नोंदी. दोन वेळा गिऱ्हाईक घाटात होतं. तिसरी परवाची, शेडच्या फोनवर, अण्णांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता. असा प्रतिध्वनी बहुतेक पलीकडच्या टोकाला तयार होतो, म्हणून त्या गिऱ्हाइकाला स्पीकर बंद करायला सांगितलं. गेला. महाबळेश्वरची नवी ऑर्डर काल आली. मी "साडेचारशे" म्हटलं, त्यांनी "साडेचारशे" म्हटलं, आणि तरीही मी "चार, पाच, शून्य" असं सुटं करून पुन्हा विचारलं.