पहिलं काम: लघुपट की माहितीपट?

पुढे मोठा कथापट करायचाय, तर गोव्यात हात बसवायला आधी काय करावं: १० मिनिटांचा लघुपट, की पेडण्याकडच्या दशावतारावर माहितीपट?

लघुपटाचा खर्च आधीच कळतो. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळ एक मिनिट. नवख्या चमूला दिवसाला ३-४ पानं झेपतात, म्हणजे तीन दिवस. माती होते ती आवाजात. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना घेतलेला संवाद नंतर कितीही घासला तरी स्वच्छ होत नाही. कॉलर माइक असला तरी बूम (लांब दांडीवरचा माइक) हवाच, आणि प्रत्येक जागेचा ३० सेकंद नुसता शांतपणा टिपून ठेवा. संकलनात आवाजातले सांधे त्यानेच बुजतात.

माहितीपटाला माणसं दोन-तीन पुरतात, पण चित्रीकरण ढीगभर. पडद्यावरच्या एका मिनिटामागे ३० मिनिटंही सहज होतात, आणि गोष्ट सापडते ती संकलनातच. त्यात दशावतार रात्री उशिरापर्यंत चालणार, म्हणजे बॅटऱ्या आणि मेमरी कार्डं दुप्पट न्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर; नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. स्वस्त एलईडीचा मात्र भरवसा नाही, आधी चाचणी घ्या.

आमचा कौल लघुपटाला. नटाकडून काम काढून घेणं माहितीपट शिकवत नाही.