खाऱ्या हवेत जुना रेकॉर्ड प्लेअर: दिवाळी ते गणपती

दिवाळीनंतर दुरुस्त केलेला जुना पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअर घेतला. आता गणपती होऊन गेले, म्हणजे मालवणातला उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्याने काढला. जुन्या मराठी सिनेमावर जीव असेल तर घ्याच, हे आधीच सांगते. पण समुद्राजवळ राहत असाल तर पुढचं नीट वाचा.

पेटीसारखं झाकण, त्यातच स्पीकर; मिनिटाला 33, 45 आणि 78 फेऱ्या असे तीन वेग. किंमत एका बऱ्यापैकी मोबाइलइतकी पडली. सुई धरणाऱ्या दांडीच्या, म्हणजे आर्मच्या टोकाला छोटी कळ आहे, ती फिरवली की सुई बदलते. 78 च्या रेकॉर्डच्या खाचा रुंद असतात, म्हणून तिची सुई जाड. ती एलपीवर, म्हणजे 33 वेगाच्या मोठ्या रेकॉर्डवर टेकवली तर रेकॉर्ड कायमची खराब होते, त्यामुळे गाणं लावण्याआधी कळ बघायचीच. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की वेग उतरतो आणि गायकाचा आवाज जड होतो. मी सकाळी नाहीतर रात्री जेवणं आटोपल्यावर लावते.

आता ज्यासाठी घेतला ते. काका मुंबईला गिरणीत होते. गणपतीला येताना मिठाईच्या खोक्याबरोबर एखादी रेकॉर्ड असायचीच. त्या सगळ्या ट्रंकेत पडून होत्या. त्यातली ‘पाठलाग’ची ईपी, म्हणजे थोड्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, पहिल्यांदा लावली. सिनेमा 1964 चा, राजा परांजप्यांचा. पुढे त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल, आशाबाईंचा आवाज: ‘या डोळ्यांची दोन पाखरे’. मोबाइलवर हे गाणं शेकडो वेळा ऐकलंय. इथे मात्र आधी खरखर येते, मग गाणं सुरू होतं आणि बाईंनी ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा कानाजवळ येतो. शेजारच्या काकींनी हा सिनेमा तंबूत बघितला होता. गाणं संपलं तशा म्हणाल्या, “परत लाव बघया!” मग काशिनाथ घाणेकरांचा विषय निघाला तो संपेचना. आमच्या चिपळूणचा माणूस, दातांचा डॉक्टर, आणि नुसता पडद्यावर उभा राहिला तरी बायका काम टाकून बघायच्या, असं काकी सांगतात आणि सांगताना पदर नीट करतात.

जयश्री गडकरांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) म्हटलं की ‘बुगडी माझी सांडली गं’. ती रेकॉर्ड घासून घासून पांढुरकी झालीय, तरी लावली की घरातलं कोणी ना कोणी येऊन उभं राहतंच. माझं मन मात्र ‘मोलकरीण’मध्ये (1963) अडकलंय. सुलोचनाबाईंचा चेहरा, रमेश देव आणि सीमा, आणि संगीत वसंत देसायांचं. देसाई कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्याचे, इथून तासा-दीड तासावर. ‘हसले आधी कुणी’मध्ये तलत महमूद मराठीत किती हळुवार गातात! ईपीच्या एका बाजूला दोनच गाणी मावतात, मग उठून रेकॉर्ड उलटावी लागते. हे उठणं मला आवडतं. गाणं मागे वाजत राहत नाही, ते ऐकावंच लागतं.

हिंदीतल्याही काही 78 आहेत. ‘महल’ (1949) मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, मधुबालाच्या भूमिकेचं ‘कामिनी’ हेच छापलं होतं. पडद्यावरचा चेहरा इतका मोठा होता की आवाजालाही त्याचंच नाव मिळालं. ती तबकडी माझ्याकडे नाही, पण प्रत्येक जुनी रेकॉर्ड हातात घेतली की मी लेबल आधी वाचते, ते यामुळे.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. आषाढात कव्हरांना बुरशी धरली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेल्या रेकॉर्ड सर्वांत जास्त खराब झाल्या, कारण आत ओल कोंडते. कागदी पाकिटं बरी. रेकॉर्ड उभ्याच ठेवा. कौलांखालच्या माळ्यावर मे महिन्यात एलपी वाकते, तिथे अजिबात नको. सफाईसाठी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं पुरतं. काही जण स्पिरिटने पुसतात. एलपीचं एक वेळ निभावेल, पण 78 ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आतलं रबरी चाक कडक झालं की वेग डगमगतो. माझं पावसात बदलावं लागलं, आणि ते मिळवायला मुंबईपर्यंत फोनाफोनी झाली. घेतानाच एक जादा चाक आणि दोन सुया मागून घ्या.

सध्या मी ‘श्यामची आई’च्या (1953) रेकॉर्डच्या मागे आहे. तिचंही संगीत देसायांचंच. ‘भरजरी गं पितांबर’ची चांगली तबकडी मिळाली तर काकींना पहिल्यांदा ऐकवायची, असं ठरलंय. पुण्यात जुन्या बाजारात ओळखीच्यांना सांगून ठेवलंय. कोणाच्या घरी ट्रंकेत असेल तर मलाही कळवा.