जिप्सीचं सुपरचार्जरवालं इंजिन फोंड्याला बांधून घेतलं, माझा अनुभव

आधी गाडी कुठली ते सांगतो, मारुती जिप्सी एमपीएफआय, 1298 सीसीचं इंजिन, त्याच्यावर आयसिनचा एएमआर500 सुपरचार्जर (इंजिनच्याच पट्ट्यावर फिरून आत जास्त हवा दाबून भरणारा पंप). रस्त्यावर चालवत नाही, ट्रॉलीवर घालून नेतो, फक्त चिखलातल्या ऑफरोडिंगसाठी ठेवलीय. 2014 पासून गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोडिंगची स्पर्धा व्हायला लागली ती बघून बघून हे वेड लागलं आणि चिखलात सुपरचार्जरसारखी गोष्ट नाही, टर्बोसारखी वाट बघायला लागत नाही, खालच्या आरपीएमलाच ताकद हजर.

5 पीएसआय बूस्टवर (बूस्ट म्हणजे दाबून भरलेल्या हवेचा जास्तीचा दाब, पीएसआय त्याचं माप) दोन पावसाळे एकदम सुरळीत गेले. मग एका गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही) सुपरचार्जरला छोटी पुली बसवून, म्हणजे तो जास्त जोरात फिरवून, बूस्ट 9 वर नेला, आत काहीच बदललं नाही आणि मीपण विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी तेल मोजायच्या डिपस्टिकमधून धूर, तीन नंबरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) गेलेलं. खोलल्यावर पिस्टनचे रिंगच्या मधले काठ तुटून पडलेले बघितले आणि खरंच पोटात गोळा आला.

फोंड्याच्या बाजूला एक जुनं इंजिन बोअरिंगचं (सिलिंडर कापून-घासून मापात आणायचं) वर्कशॉप आहे, काका आणि त्यांचा मुलगा दोघंच, बाहेर बोर्डसुद्धा नाही. मी गेल्या गेल्या 10 पीएसआयच्या गोष्टी सुरू केल्या तर काका म्हणाले, "बाबा, बूस्ट मागीर, पयलीं गॅप." म्हणजे बूस्ट नंतर, आधी गॅप, आणि तुटलेला पिस्टन हातात घेऊन समजावलं की बूस्ट वाढला की उष्णता वाढते, रिंग फुगते, तिच्या दोन टोकांत जागा नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात आणि मग रिंग पिस्टनचा काठच तोडते. त्यात चिखलात गाडी जागेवर फिरत असते, इंजिनवर पूर्ण लोड, रेडिएटरला आणि आत जाणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा नाही, गरम हवा आत जाते आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) सुरू. इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

काम काय केलं ते. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन मागवले, 2618 या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे, वर खोलगट, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो 8.5 ला आला. पण नुसत्या कॅटलॉगवर विश्वास नाही ठेवला, ब्युरेटने तेल सोडून पिस्टन अगदी वर असताना एकेका सिलिंडरमध्ये उरणारी जागा मोजली, 43 सीसीच्या आसपास यायला हवी होती आणि चारही जवळजवळ सारखे होईपर्यंत सोडलं नाही. हा धातू गरम झाल्यावर जास्त फुगतो म्हणून बोअरला (सिलिंडरच्या भोकाला) क्लिअरन्स, म्हणजे मोकळी जागा, जास्त ठेवला, त्यामुळे सकाळी थंड असताना पिस्टनचा टकटक आवाज येतो, तो येणारच, घाबरू नका. होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) करताना ब्लॉकवर जाड प्लेट हेडच्याच टॉर्कने आवळून केलं, कारण हेड बसल्यावर बोअरचा आकार थोडा बदलतो. रिंगची टोकं हाताने घासून वरच्या रिंगचा गॅप 0.41 मिमी ठेवला, 74 मिमीच्या बोअरला बूस्टसाठी साधारण एवढा लागतोच. त्याशिवाय स्टीलच्या थरांचं हेड गॅस्केट, एआरपी कंपनीचे हेड स्टड, एक नंबर थंड प्लग, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा (एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, खूप जण उलटं समजतात), प्लगचा गॅप 0.7 मिमी.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे शेवटी एक कागद दिला, त्यावर प्रत्येक बोअर, प्रत्येक बेअरिंग, प्रत्येक रिंगचं माप हाताने लिहिलेलं. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. आजवर एवढ्या गॅरेजांत पैसे घातले पण असा हिशेब कुणी दिला नाही.

ट्यूनिंग (पेट्रोल आणि ठिणगीची सेटिंग) ते करत नाहीत, तसं पहिल्याच दिवशी सांगतात, ते मी बेळगावच्या एका मुलाकडून करून घेतलं. हवेचा दाब मोजणाऱ्या ओरिजिनल मॅप सेन्सरला बूस्ट वाचताच येत नाही, तो बदलून वेगळा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप लागला. आणि आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं, त्याचं हवेशी बरोबर मिश्रण 14.7 ला नाही, साडेतेराच्या जवळ येतं, म्हणून मिश्रण दाखवणारं वाइडबँड गेज लॅम्डावर ठेवा (इंधन कुठलंही असो, बरोबर मिश्रण म्हणजे 1), बूस्टमध्ये 0.80 च्या आसपास. ठिणगीचं टाइमिंगपण मागे घेतलंय, साधारण एका पीएसआयला एक डिग्री.

त्रास म्हणाल तर वेळ. सहा आठवडे सांगितले आणि चार महिने लागले, फोन उचलत नाहीत, पावसात लाइट गेली की काम बंद. मशीनिंगची मजुरी 38 हजार झाली, सामान वेगळं, पण बिल पक्कं मिळालं आणि उरलेले जुने पार्टपण परत दिले. एक स्टार वेळेसाठी कापतो, बाकी चार मनापासून.

आत्ता 9 पीएसआयवर एक पूर्ण पावसाळा झालाय, परवा चारही कॉम्प्रेशन तपासले, सारखे आहेत, तेल खात नाही. जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, काका दुपारी जेवून झोपतात. आणि पावसात होन केलेला ब्लॉक घरी आणत असाल तर बोअरला भरपूर तेल लावून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आणा, आपल्या दमट हवेत लायनरवर एका रात्रीत तांबेरा धरतो.