शून्यावरचा काटा आणि १४,८०० रुपये

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या एसीने मान टाकली. नागपुरात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. त्यात बाबा ७८ वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू. आतलं युनिट वारा फेकत होतं, पण कोमट. गच्चीवरच्या आउटडोअरमधून दर दोन-तीन मिनिटांनी कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि टक् करून बंद पडायचा.

ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, "भाऊ, चार दिवस तरी लागतील." मग घाईघाईत मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला. ती जाहिरात होती, हे मागाहून बघितलं. खरा नंबर आतल्या युनिटच्या कडेला स्टिकरवर छापलेला आहे. सहा वर्षं मी त्याच्याखाली झोपतोय.

तासाभरात माणूस हजर. मेच्या शेवटच्या आठवड्यात एसीवाला तासाभरात येतो म्हणजे तेव्हाच डोक्यात काहीतरी वाजायला हवं होतं, पण मला हायसंच वाटलं. अंगात कंपनीचा लोगो असलेला टी-शर्ट, बोलायला गोड. बाबांना "काका, दहा मिनिटांत थंड करून देतो" म्हणाला आणि वर गेला. थोड्या वेळाने मला हाक मारली. "साहेब, डोळ्यांनी बघून घ्या." आउटडोअरला गॅसचा दाब मोजायच्या गेजची नळी लावलेली आणि काटा शून्यावर.

"गॅस पूर्ण उडाला. कॉइल लीक आहे. बिनगॅसचा चालवल्यामुळे कॉम्प्रेसर पण बसला." वर आणखी, "हा नवीन गॅस पेट घेतो साहेब, घरात म्हातारं माणूस आहे, रिस्क नका घेऊ." आमच्या एसीत आर-३२ नावाचा गॅस आहे आणि तो थोडाफार ज्वलनशील असतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. तेवढं एक खरं निघालं म्हणून बाकीचंही मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

वहीचं पान फाडून त्याने हिशेब मांडला: कॉम्प्रेसर ९,०००, गॅस २ किलो ३,२००, कॉइल १,८००, मजुरी ८००. एकूण १४,८००. पानावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. मी घासाघीस करून १३,००० वर आणलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पार्ट आणायला म्हणून ४,००० यूपीआयने दिले. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नव्हे, कुण्या भलत्याच माणसाचं नाव आलं होतं. बघितलं आणि पिन टाकला.

संध्याकाळी तो आला नाही. रात्री फोन बंद. ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत. त्याच रात्री कपाट उपसताना एसीचं बिल सापडलं. कॉम्प्रेसरवर १० वर्षांची वॉरंटी. म्हणजे तो खरोखर गेला असता, तरी ते ९,००० मला द्यायचेच नव्हते.

चौथ्या दिवशी आमचा मिस्त्री आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने आपली नळी सर्व्हिस व्हॉल्व्हवर, म्हणजे आउटडोअरला गेज जोडायच्या तोंडावर, अर्धवटच फिरवली. काटा शून्यावर. "हेच दाखवलं ना?" मग नट पूर्ण आवळला आणि काटा सर्रकन साडेतीनशेच्या पुढे गेला. नळी पक्की बसल्याशिवाय आतली पिन दबत नाही आणि पिन दबल्याशिवाय गेजपर्यंत काही पोचतच नाही. एसी बंद असताना, त्या उन्हात, काटा एवढा चढतो म्हणजे आत गॅस आहे. तो काही सिलिंडरसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांतच फिरत राहतो. लीक नसेल तर दरवर्षी भरायचा प्रश्नच येत नाही. आणि लीक आहे असं कुणी म्हणालं, तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे दाखव म्हणायचं.

मग त्याने झाकण उघडलं. आत डबीएवढा कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा पार्ट, डोकं फुगलेलं. त्यावर ४५ मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटरवर जेमतेम ११ आले. त्यामुळे कॉम्प्रेसर जोर मारायचा, सुरू व्हायचा नाही आणि ट्रिप व्हायचा. आमचा एसी इन्व्हर्टरचा नाही. अशा साध्या एसीत उन्हाळ्यात हा पार्ट हमखास जातो म्हणे. नवा कपॅसिटर ३५०, मजुरी ३००. पाच मिनिटांत आउटडोअर घरघरला आणि खालून बाबांचा आवाज आला, "लागला रे!"

जाताना मी त्याला ते वहीचं पान दाखवलं. त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं, गॅसच्या ओळीवर थांबला आणि मला आउटडोअरच्या बाजूची पाटी वाचायला लावली. गॅस ७५० ग्रॅम. "भाऊ, दोन किलो कुठे भरणार होता, बादलीत?"