केबल, ड्रायव्हर आणि पाच नंबरचा चॅनल

मे 2021 च्या तौक्ते वादळात गोव्यातल्या आमच्या वाड्यावर चार दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. जुलैत म्हादईला पूर आला तेव्हा पुन्हा तेच. नदीपलीकडे राहणारी माझी बहीण सुखरूप आहे हे कळायला दीड दिवस गेला. हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून वायरलेस सेटवर एकमेकांशी बोलायचं, ते शिकायचं मी तेव्हाच ठरवलं. अभ्यास केला, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची, म्हणजे सुरुवातीच्या परवान्याची, परीक्षा दिली, थांबलो, परवाना आला. मग वालपईहून म्हापशाला सेट घ्यायला गेलो आणि तिथे फसलो. सत्तरी-डिचोलीतली आणखी काही मुलं आता परवान्याच्या मागे आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

विक्रेता ओळखीतून मिळाला होता. त्याच्याकडे यूव्ही-5आर पद्धतीचा स्वस्त चिनी हँडी (हातात धरायचा सेट) होता, वर ‘8 वॅट’ असा स्टिकर. परवाना दाखवू का, असं मीच विचारलं, तर म्हणाला, “ताची गरज ना बाब.” मी तिथेच उठायला हवं होतं. सेटचे 2,800, कॉम्प्युटरला जोडायच्या केबलचे 600 आणि ‘सॉफ्टवेअरचं एक वर्षाचं लायसन्स, शिवाय सगळे चॅनल भरून’ याचे 1,500. एकूण 4,900 रुपये. बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. मी तेही सोडून दिलं.

घरी लॅपटॉपला केबल लावली तर सॉफ्टवेअरला सेट दिसेना. डिव्हाइस मॅनेजर उघडलं. तिथे पोर्ट्सखाली पिवळा त्रिकोण आणि शेजारी इंग्रजी ओळ: पीएल2303एचएक्सए फेज्ड आउट सिन्स 2012, प्लीज कॉन्टॅक्ट युवर सप्लायर. मला वाटलं, सप्लायर म्हणजे ज्याच्याकडून घेतलं तो. मी त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, “ड्रायव्हरचं लायसन्स संपलंय, 1,200 पाठवा, भिवपाची गरज ना,” म्हणजे घाबरायचं कारण नाही. मी यूपीआयने पैसे पाठवले. त्याने लॅपटॉपवर एक रिमोट ॲप टाकायला लावलं, माझ्या डोळ्यांदेखत माउस इकडून तिकडे फिरला आणि दहा मिनिटांत पिवळा त्रिकोण गेला. मी त्याचे आभार मानले.

तीन आठवड्यांनी विंडोज अपडेट झालं आणि तीच ओळ पुन्हा आली. फोन केला तर “रिन्यूअल करावं लागतं” म्हणत पुन्हा 1,200 मागितले. सुदैवाने चतुर्थी आली होती आणि फर्मागुढीला इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा घरी आला होता. त्याने ती ओळ वाचली आणि विचारलं, “मामा, याचे पैसे दिले तुम्ही?”

त्याने समजावलं ते असं. केबलच्या यूएसबीच्या टोकात एक चिप असते. सेटला कळणारी सिरीयल भाषा आणि लॅपटॉपचं यूएसबी यांच्यामधला तो दुभाषा. पीएल2303 ही चिप मूळ तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची. तिच्या नकला बाजारात इतक्या झाल्या की कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तपासणी घातली, आणि आता जुन्या किंवा नकली चिपला तो ड्रायव्हर नकार देतो. जुना ड्रायव्हर ही तपासणी करत नाही. विक्रेत्याने 1,200 रुपयांत एवढंच केलं होतं: 2008 सालची जुनी आवृत्ती निवडून दिली होती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टवर राइट क्लिक करायचं, अपडेट ड्रायव्हर, मग कॉम्प्युटरवरच शोधायचा पर्याय, मग यादीतून स्वतः निवडायचा पर्याय, आणि तिथे 3.3.2 ने सुरू होणारी आवृत्ती. यादीत नसेल तर ती आधी लॅपटॉपवर बसवून घ्यायची. याला पैसा लागत नाही. विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर पुन्हा आणून बसवतं, तेव्हा पुन्हा जुना निवडायचा. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचं ‘रिन्यूअल’ म्हणजे विंडोजचं पुढचं अपडेट.

आणि 1,500 चं सॉफ्टवेअर? पेनड्राइव्हवरच्या फोल्डरला त्याने ‘प्रो’ नाव दिलं होतं, पण आत होता चर्प. अमेरिकेतले हॅम डॅन स्मिथ (कॉल साइन केके7डीएस) यांनी सुरू केलेला, सेटमध्ये चॅनल भरायचा हा प्रोग्राम फुकट आणि मुक्त स्रोत आहे. एक वर्षाची मुदत वगैरे काही नसते, तो त्याच्या स्वतःच्या साइटवरून कुणीही उतरवून घ्यावा. कुणी घरी येऊन मदत केली आणि श्रमाचे पैसे मागितले तर मी आनंदाने देईन. पण जगभरच्या हॅम लोकांनी वेळ घालून, कुणाकडून पैसा न घेता उभं केलेलं काम खोटं लायसन्स सांगून विकायचं, याचा मला आजही संताप येतो.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण मला झोप लागली नाही ती पुढच्या गोष्टीने.

भाच्याने सेट वाचायला, म्हणजे त्यात भरलेले चॅनल लॅपटॉपवर उतरवायला घेतला. केबलचं दोन पिनांचं टोक अर्धवटच बसत होतं. त्याच्या प्लास्टिकची कड सेटच्या अंगाला अडत होती. ती कटरने जराशी तासल्यावर टोक पूर्ण आत गेलं. या केबलींचं हे नेहमीचं दुखणं आहे. सेट रिस्पॉन्ड करत नाही असं आलं की आधी तेच बघावं. आवाज पूर्ण वाढवला, डाउनलोड फ्रॉम रेडिओ केलं, सेटवरचा दिवा लुकलुकू लागला आणि पट्टी पुढे सरकली. आलेली फाइल काहीही न बदलता आधी जपून ठेवली. मग यादी पाहिली. 0 ते 127 अशा 128 ओळी. हॅमच्या 144 ते 146 मेगाहर्ट्झमधल्या फक्त दोन. बाकी कुठले कुठले चॅनल, कुणाचे ते देव जाणे. पाचव्या ओळीत 156.800, आणि नावाच्या रकान्यात ‘फिशिंग’.

फोंड्याचे एक ज्येष्ठ हॅम आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांना फोनवर हा आकडा वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, “त्यावर पीटीटी दाबलंत का?” पीटीटी म्हणजे बोलताना दाबून धरायचं बटण.

156.800 म्हणजे समुद्रावरचा चॅनल 16. जहाज असो की ट्रॉलर, बुडताना मदतीची हाक याच चॅनलवर मारतात, आणि बंदरं, तटरक्षक दल त्याच्यावर कान ठेवून असतात. मी त्यावर तीनदा बोललो होतो. त्यातलं एकदा मिरामारच्या किनाऱ्यावर उभा राहून, “हॅलो, कोणी ऐकतंय का,” असं, सेट चालतोय का ते बघायला. समोरून मालिमचे ट्रॉलर मांडवीच्या मुखातून बाहेर पडत होते. त्या क्षणी एखादा खलाशी हाक मारत असता तर माझ्या आवाजाखाली ती दबली असती. संकटात उपयोगी पडावं म्हणून मी या छंदात आलो होतो.

काकांनी सांगितलं तसं सगळं साफ केलं. जे नुसतं ऐकायचं त्या ओळीत डुप्लेक्सच्या रकान्यात ‘ऑफ’ निवडलं, म्हणजे पीटीटी दाबलं तरी सेट प्रसारण करत नाही. बाकी सगळं पुसलं. विक्रेत्याने पेनड्राइव्हवर एक तयार फाइलही दिली होती, ती काकांनी सेटमध्ये घालू दिली नाही. दिसायला सारख्या दोन सेटांतलं फर्मवेअर, म्हणजे सेटच्या आतलं सॉफ्टवेअर, वेगळं असू शकतं, म्हणून दुसऱ्याच्या सेटची फाइल आपल्यात ओतायची नसते. आपल्याच सेटमधून वाचलेल्या फाइलमध्ये हव्या त्या ओळी कॉपी करायच्या आणि तीच परत चढवायची. त्यांच्या मीटरवर ‘8 वॅट’चा सेट जेमतेम 4 वॅट दाखवत होता. आता एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची केबल घेतली आहे, ड्रायव्हरची कटकट नाही.

विक्रेत्याला जाब विचारला तर म्हणाला, “चलता न्ही सगळें?” आणि फोन ठेवला. यूपीआयची पावती जोडून ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. रिमोट ॲप काढून टाकलं, बँकेचे पासवर्ड बदलले.

गेल्या रविवारी केरीच्या एका ओळखीच्या मुलाकडे गेलो होतो. त्याने त्याच माणसाकडून सेट घेतलाय आणि परवाना अजून यायचा आहे. जेवणाआधी लॅपटॉप उघडून त्याचा सेट वाचला. पाचव्या ओळीत 156.800, नाव ‘फिशिंग’. मी काही बोलायच्या आत त्याने ती ओळ पुसली आणि सेटची बॅटरी काढून आईकडे कपाटात ठेवायला दिली.