गच्चीवर सोलरची दिशा बघायला तेलाचं होकायंत्र: घ्यावं का?

सोलापूरच्या नवी पेठेत शोधलं तर दोन तऱ्हेची होकायंत्रं दिसतात: झाकणाचं पितळी, आणि पारदर्शक पट्टीवर बसवलेली, सुईभोवती तेल भरलेली डबी. पितळी शोकेसला शोभतं. त्याची सुई कोरडी झुलते, थांबेपर्यंत हात अवघडतो. सोलरवाल्यांनी तेलाचंच घ्यावं. चार-पाच सेकंदांत सुई जागेवर येते.

तपासणी दुकानातच करा, पण लोखंडी काउंटरवर नको. दाराबाहेर येऊन डबी सपाट धरा. किल्ली जवळ आणून सुई डावीकडे ओढा आणि किल्ली लांब न्या. मग तसंच उजवीकडून. दोन्ही वेळा सुई एकाच रेघेवर थांबली पाहिजे. दोन अंशांहून जास्त फरक पडला तर सुई ज्यावर फिरते त्या टेकूचं टोक बोथट आहे किंवा वरची वाटी झिजली आहे. तो नग परत द्या. डबीत मोठा बुडबुडा असेल तरी नको. गाडीच्या डिकीत, सोलापूरच्या मे महिन्यात ठेवलेल्या डबीतून तेल झिरपतं, तेव्हा तो होतो.

आता डबी डोळ्याच्या रेषेत धरून सुईचा तोल बघा. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा आपल्याकडे उत्तरेकडे साधारण 20 ते 25 अंश जमिनीत झुकतात, उत्तर युरोपात 70 च्या आसपास. तिकडच्या हिशोबाने बनवलेल्या होकायंत्रात सुईच्या दक्षिण टोकाला वजन दिलेलं असतं. ती इथे दक्षिणेकडे कलते आणि तळाला घासते. आपला फायदा एवढाच की सुईला फिरवणारं आडवं चुंबकीय क्षेत्र इथे सुमारे 40 मायक्रोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक) आहे, तिकडच्या जवळपास दुप्पट.

खरी गडबड यंत्रात कमी आणि उभं राहण्याच्या जागेत जास्त. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडवर चढून पत्र्यावर होकायंत्र ठेवलं, तर ते पत्र्याची दिशा सांगेल. खाली मोकळ्या जागेत, गाड्यांपासून पंधरा-वीस मीटर लांब उभं राहून भिंतीची दिशा घ्या. मग भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडून उलट बघा. दोन आकड्यांत 180 चा फरक आला नाही, तर एका टोकाशी लोखंड आहे. स्लॅबवरही हेच करा, आतल्या सळया दिसत नाहीत म्हणून. चालू पॅनेलच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) वायरपासूनही लांब राहा: एकट्या वायरमधून 10 अँपिअर जात असतील तर 5 सेंटिमीटरवर तिचं क्षेत्र पृथ्वीच्या या आडव्या क्षेत्राइतकंच भरतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला हलवली, ती उगाच नव्हे.

खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला फरक सोलापुरात एक-दीड अंशाच्या आत आहे. पॅनेलला पाच अंश इकडेतिकडे झाले तरी वीज फारशी घटत नाही, त्यामुळे तो सोडून द्या. वास्तूसाठी एकेक अंश मोजणाऱ्यांनी मात्र तबकडी बघावी: रेघाच दोन-दोन अंशांवर आहेत.

मोबाइलच्या चुंबकी कव्हरशेजारी एकाच खिशात ठेवलं तर सुई उलटी होऊ शकते, लाल टोक दक्षिण दाखवतं. डबी उभी धरून सुई अडकवा आणि जोरदार चुंबकाचं दक्षिण टोक काचेवरून सुईच्या मध्यापासून लाल टोकाकडे, एकाच दिशेने, चार-पाच वेळा ओढा. चुंबकाचं दक्षिण टोक कोणतं? चांगल्या होकायंत्राच्या लाल टोकाला जे ओढतं, ते.